डावा हात सुटतो ते वळण

वेळुंज घाटात धुकं उतरलं की बसच्या काचेबाहेर काही म्हणता काही उरत नाही. रस्ता नाही, दरी नाही, पुढच्या गाडीचा दिवाही नाही. अशा वेळी मी डोळ्यांवर फारशी विसंबत नाही, हातांवर विसंबते. खरं सांगायचं तर तेही माझ्या हातांवर नाही. माझ्या तळव्यांखाली स्टिअरिंगचं चाक दोन ठिकाणी कोमट असतं, डावीकडे घड्याळातल्या नवाच्या जागी आणि उजवीकडे तिनाच्या जरा वर. ती ऊब सरकली की माझे हात सरकतात, ती थांबली की थांबतात. ते हात माझ्या आप्पांचे आहेत.

घाबरू नका, ही भुताखेताची गोष्ट नाही. आप्पा चांगले धडधाकट आहेत. या क्षणी घरी पडवीत बसून शेजारच्या सुमनकाकूंशी चहात साखर कमी पडली म्हणून भांडत असतील. फक्त मी कोण, हे त्यांना आठवत नाही. दिवसभर ते मला 'बाई' म्हणतात, 'तुमी' म्हणतात, आणि माझ्या हातचं जेवण झालं की पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखे आभार मानतात.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रंगराव चौगुल्यांनी, या घाटात बस चालवण्यात जन्म घालवला. माझी आई मी लहान असताना गेली आणि आमची शाळा होती घाटाखाली तळेवाडीला, म्हणून माझंही लहानपण त्यांच्याच बसमध्ये गेलं. सकाळी त्यांच्या गाडीने उतरायचं, संध्याकाळी त्यांच्याच गाडीने चढायचं. तेव्हाच्या बसमध्ये इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या पेटीखाली. त्या पेटीवर गोणपाटाची घडी टाकून मी बसायचे. खाली ऊब, कानात घरघर, आणि मी जन्माची झोपाळू. सकाळी खिडकीतून माकडं मोजायचे, पण संध्याकाळी चढण लागली रे लागली की माझी मान पडायची. माथ्यावर आप्पा 'उठ गं सारू' म्हणायचे तेव्हाच डोळे उघडायचे. घाटातली संध्याकाळ मी लहानपणी एकदाही पाहिलेली नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी विजेवरच्या बस आल्या. गिअर गेला, क्लच गेला, इंजिनाची पेटी तर कधीच गेली होती. आणि चाकावर एक पातळ कातडी आली.

तिची करामत समजायला अवघड नाही. कातडीखाली केसाहून बारीक तारांचं जाळं असतं. माणसाच्या हातात पाणी असतं, मीठ असतं, त्यामुळे हात टेकला की तारांभोवतीचं विजेचं क्षेत्र किंचित बदलतं, आणि कुठला हात कुठे, किती जोराने टेकलाय हे चाकाला कळतं. एवढं जुन्या मोटारींतही होतं, ड्रायव्हर पेंगला की काय ते पाहायला. नवी युक्ती त्यापुढची. तेच जाळं उलटं चालवलं तर चाक नेमक्या त्याच जागा कोमट करून दाखवतं, आणि आतली मोटर चाकाला हलका कल देते. म्हणजे एकाचे हात साठवून ठेवायचे आणि दुसऱ्याच्या हातांखाली सोडायचे. कागदोपत्री याला 'गुरुहस्त' म्हणतात. आम्ही उबेचं चाक म्हणतो.

हे करायची पाळी का आली, तर सपाटीवर सगळ्या गाड्या आपल्या आपण पळायला लागल्या आणि एक अख्खी पिढी मांडीवर हात ठेवून मोठी झाली. घाटात मात्र धुकं, दरडी आणि रस्त्यात ठाण मांडणारे गवे यांच्यापुढे यंत्राचं काही चालत नाही. तिथे माणूस पाहिजेच आणि त्याचे दोन्ही हात चाकावर पाहिजेत, असा कायदा आहे. आता भरतीला आलेल्या पोरांना हात ठेवायचे कुठे हेच ठाऊक नाही! कुणी चाकाच्या बुडाशी दोन बोटं अडकवतं, कुणी वरून मनगट टाकून ऐसपैस बसतं, जसं काही सासुरवाडीला आलंय. आमच्या लहानपणी क्लासवाले सांगायचे, 'घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं होतात तसे हात ठेवा.' मग चाकात हवेची पिशवी आली. ती फुगली तर दहा-दहाचे हात आपल्याच तोंडावर आदळतात, म्हणून सव्वानऊ आले. आप्पा मात्र पिशव्या येण्याच्या आधीपासून सव्वानऊवालेच. त्यांचा हात संघातला सगळ्यात शांत हात ठरला, आणि वेळुंज घाट प्रवासी सहकारी संघाच्या प्रत्येक बसच्या चाकात तो भरला गेला. मी त्याच हातांखाली शिकले. माझ्यामागून आलेली सगळी पोरं त्याच हातांखाली शिकली.

आता त्या वळणाचं सांगते.

घाटाच्या मध्यावर एक वळण आहे, चढताना उजवीकडे मुडपणारं. तिथे दर वेळी एक गोष्ट होते. वळणाच्या जरा आधी उजवी ऊब खाली सरकते आणि वाढते, जणू उजवा हात म्हणतो, 'जा, मी बघतो.' आणि डावी ऊब विझते. नवाच्या जागी चाक थंडगार पडतं. आप्पांचा डावा हात चाकावरून निघून गेलेला असतो. वळण संपता संपता तो परत येतो, जिथे होता तिथेच टेकतो, आणि बस पुढे चढायला लागते. हात असला की चाकाला कळतं. गेलेला हात कुठे गेला, ते चाकाला कळत नाही.

आमच्या पोरांनी त्याचा अर्थ आपापला लावला. विशाल खोत नावाचा आमचा एक ड्रायव्हर आहे, मनाने भाबडा. तो म्हणाला, "रंगरावदादा उगंच हात सोडणारं माणूस न्हवं. हितं कायतरी जागृत हाय." आणि एका सुट्टीच्या दिवशी त्याने वळणाच्या तोंडाशी एक धोंडा उभा करून त्याला शेंदूर फासला. पुढच्या आठवड्यात धोंड्याला झेंडूची माळ आली, महिन्याभरात घंटा आली, आणि वर्ष व्हायच्या आत नावही पडलं. हातोबा! मग आमचे सगळे ड्रायव्हर तिथे चढताना डावा हात उचलून छातीला लावायचे आणि मागचे प्रवासी हात जोडायचे. नवी जोडपी नारळ फोडायला थांबायची. इरफान मुल्ला तेवढाच खळखळून हसायचा. "देव कुनाचा का असंना, वळण तर माझंच हाय की," असं म्हणून तोही हात छातीला लावायचा.

मीही लावायचे, खोटं कशाला बोलू? खरं तर मला हातोबाशी घेणंदेणं नव्हतं. पण चाक डावीकडे थंड पडायचं तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. बाकी सगळ्या घाटात आप्पा गाडी चालवत असत. त्या एका वळणावर ते दुसरंच काहीतरी करत असत, आणि ते मला सांगायचं त्यांच्या मनात आहे असं मला उगीचच वाटायचं.

मग एका धुक्याच्या संध्याकाळी विशालचा डावा हात छातीवर असतानाच समोर गवा आला. एका हाताने चाक पुरेसं फिरलं नाही. बसचा डावा गाल कठड्यावर अख्खा खरवडला. माणसं वाचली, एका म्हातारीची अंड्यांची टोपली तेवढी गेली. विशाल तिथेच रस्त्यावर बसून लहान पोरासारखा रडला. हातोबाने वाचवलं, असं प्रवासी म्हणाले. हातोबामुळेच झालं, हे म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

ते धाडस करायला पुण्याहून केदार सबनीस आला. चाकांचं काम बघणारा तरुण इंजिनिअर, डोळ्यांत कायम झोप न झाल्यासारखं काहीतरी. डेपोतल्या चहाच्या टपरीवर त्याने मला गाठलं.

"सारिकाताई, घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर तुमचे ड्रायव्हर देवाला हात जोडतात. हे मी वर काय म्हणून सांगू?"

"जोडत नाही," मी म्हटलं. "जोडायला दोन लागतात. आम्ही एकच काढतो."

तो हसला नाही. मग थोड्या वेळाने हसला, आणि मला तो बरा माणूस वाटला.

"मी सगळ्यांचे हात तपासले," तो म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी या चाकावर शिकून घेतलं, त्या सगळ्यांचा डावा हात तिथे सुटतो. चाकाची ऊब बंद ठेवली तरी सुटतो. तुमचाही. ही सवय आता त्यांची राहिली नाही, तुमची झाली आहे."

"मग तेवढंच काढून टाका की."

"नियम तसा नाही. हात का सुटतो ते कळल्याशिवाय मला त्याला कात्री लावता येत नाही. तिथे रस्त्याला ढाळ असेल, वारा असेल, उजवा हात त्याच्यासाठी काही सावरत असेल. कारण न कळता कापलं तर पुढचं सगळं बिघडेल. कारण कळलं तर तेवढा तुकडा काढू. नाही कळलं, तर रंगरावांचा अख्खा हात उतरवावा लागेल. त्याच्या जागी सरासरी हात बसेल."

"सरासरी म्हणजे कुणाचा?"

"सगळ्यांचा थोडा थोडा."

"म्हणजे कुणाचाच नाही."

केदारला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. घरी ज्या माणसाला माझं नाव सांगता येत नाही, तो रोज संध्याकाळी माझे हात आपल्या हातांत घेऊन मला घाट चढवतो. माझ्याजवळ आप्पांचं तेवढंच उरलं होतं. आता तेही काढून नेणार, आणि एका शेंदूर फासलेल्या धोंड्यापायी!

घरी गेले तेव्हा आप्पा जेवायला बसले होते. म्हणजे ताट समोर होतं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, डावा नवाच्या जागी, उजवा तिनाच्या जरा वर. सुमनकाकू म्हणाल्या, "मगाधरनं असंच चाललंय. भाकरी ऱ्हायली, ताटच चालवत्यात."

मी शेजारी बसले. "आप्पा, घाटातल्या त्या मोठ्या वळणावर तुमी डावा हात का काढायचा?"

"कुनी काढला?" ते एकदम ताठ झाले. "हात काढनारा डायवर न्हवं, हमाल."

"देवाला नमस्कार करायला काढायचा काय?"

"देवाला डोळं हायती की! त्येला दिसतंय, माझं हात कामात हायती." हे मात्र अगदी जुने आप्पा. गावच्या जत्रेतही पालखीपुढे हात न जोडणारे, वरून 'आमचं आतून चालू असतंय' म्हणणारे.

मग त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी कुनाच्या म्हनायच्या, बाई?"

"मी सारिका."

"आमच्या पोरीचं बी नाव सारिकाच," ते कौतुकाने म्हणाले. "साळंत जाती. लई गुनाची हाय. येती माझ्याच गाडीनं."

मी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी ताटाचं चाक सोडलं आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी केदारला सांगितलं की विचारून काही उपयोग नाही, आप्पांना आठवत नाही. तो म्हणाला, "त्यांना विचारू नका. त्यांना गाडी द्या." मेंदूत शब्दांची आठवण एकीकडे राहते आणि हातांची दुसरीकडे, हे त्याने मला डेपोच्या पायरीवर बसून समजावलं. नाव, तारीख, चेहरा ही आठवण आधी झिजते. पोहणं, सायकल, पोळी लाटणं, चाक वळवणं, ही आतल्या खोलीत राहते आणि बाहेरचं घर पडलं तरी पुष्कळदा ती खोली उभी असते. माणसाला स्वतःलाही तिचं दार सापडत नाही. हाताला सापडतं.

"आणि अजून एक," तो म्हणाला. "हात चढतानाच सुटतो. उतरताना नाही. देव असता तर दोन्ही वेळेला दिसला असता ना?"

यावर विशालचं उत्तर तयार होतं. हातोबाचं तोंड खालच्या अंगाला आहे, चढणाऱ्यालाच दर्शन होतं. पण त्याचं तोंड तिकडे केलं होतं विशालनेच. "जुनी गिअरची सवय असती," केदार पुढे म्हणाला, "तर बाकीच्या वळणांवरही दिसली असती. शिवाय उजवा हात आधीच तयारीला लागतो. म्हणजे हे विसरून सुटणं नाही. हा हात ठरवून सोडलेला आहे."

डेपोत पोरांच्या सरावासाठी एक खोली आहे. खरी सीट, खरं चाक, समोर काचेऐवजी पडदा, आणि खाली फळी, जी वळणाबरोबर खऱ्या बससारखी कलते. दुपारी मी आप्पांना तिथे घेऊन गेले. येताना ते कुरकुरत होते. चाक दिसलं आणि कुरकुर थांबली.

"बारकं हाय," ते म्हणाले, आणि बसले. हात आपोआप जागेवर गेले. माझ्या घरातला तो गोंधळलेला पाहुणा कुठेतरी गेला होता. पाठ ताठ, हनुवटी जराशी वर. सीटवर रंगराव चौगुले बसले होते.

केदारने पडद्यावर घाट सोडला. आधी उतरणीचा. आप्पांनी तो असा उतरवला की मागे पाण्याचा तांब्या भरून ठेवला असता तर थेंब सांडला नसता. मोठं वळण आलं, गेलं. दोन्ही हात चाकावर.

मग तळेवाडीचा थांबा आला, बस फिरली. पडद्यावर संध्याकाळ झाली, धुकं आलं, चढण सुरू झाली. आणि आप्पांनी समोरची नजर न काढता डाव्या हाताने शेजारची रिकामी जागा थोपटली.

"हुबी का? बस की हितं."

मी केदारकडे पाहिलं. कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं, ते ओढून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. काही वेळ नुसतं धुकं होतं आणि मोटरची बारीक गुणगुण. मला आपण कुठे आहोत याचा जरा विसरच पडला. खोलीत ऊन होतं, पडद्यावर संध्याकाळ होती, आणि आप्पांच्या शर्टाला तोच खोबरेल तेलाचा वास होता.

वळण आलं. आप्पांचा उजवा हात चाकावरून खाली सरकला, घट्ट झाला. फळी कलली, स्टूल सरकलं, माझा तोल डावीकडे गेला. आणि आप्पांचा डावा हात चाकावरून निघाला. तो छातीला गेला नाही, गिअरला गेला नाही. आडवा आला आणि माझ्या पोटावर येऊन घट्ट टेकला. ते माझ्याकडे बघतही नव्हते. डोळे रस्त्यावर, उजवा हात एकटा चाक ओढतोय, आणि डाव्याने मला पेटीवर दाबून धरलेलं.

"झोपली काय?" ते हळूच म्हणाले. "नीज, नीज. माथा आला की उठवतो."

मी चव्वेचाळीस वर्षांची बाई. दोन्ही गुडघे दुखतात, केस पिकलेत. मी डोळे मिटले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. ते सोंग मला आयुष्यभर घेता आलं असतं.

वळण संपलं. हात परत नवाच्या जागी गेला.

केदार खाकरला, आणि इंजिनिअर लोक गहिवरले की करतात ते त्याने केलं. कारण समजावून सांगायला लागला. "चढताना वळण उजवं आहे. त्यामुळे अंग डावीकडे फेकलं जातं, दाराच्या पायऱ्यांकडे. उतरताना तेच वळण डावं होतं. तेव्हा तुम्ही कलंडला असता तर त्यांच्याच अंगावर. शिवाय सकाळी तुम्ही जाग्या असणार. म्हणून..."

"म्हणून फक्त चढताना," मी म्हटलं.

मी मोठी झाले, कॉलेजला गेले, पेटीवर बसायची थांबले. पुढे पेट्याच गेल्या. पण आप्पांचा हात रोज संध्याकाळी त्या वळणावर रिकाम्या जागेला धरत राहिला, निवृत्त होईपर्यंत, आणि त्यांच्या नकळत तो चाकात उतरला. तिथून तो विशालकडे गेला, इरफानकडे गेला, माझ्याकडे आला. या पोरांनी मला परकर-पोलक्यात कधी पाहिलं नाही, आणि ती सगळी रोज संध्याकाळी मला धरत होती. शेंदूर फासला होता तो म्हणजे मलाच म्हणायचा. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

"आता कारण कळलं," केदार म्हणाला. "मी ते लिहिलं तर रंगरावांचा हात घाटात राहील, पण एवढा तुकडा कापावा लागेल. नाही लिहिलं तर अख्खा हात उतरेल. मात्र तो जसाच्या तसा पुण्यात जपून ठेवला जाईल, त्यात हेही राहील. कुणी हात लावणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो. मी काही पाहिलेलं नाही."

म्हणजे पेच असा होता. गप्प राहिले तर माझं वळण माझ्यासाठी कुठल्याशा कपाटात सुखरूप राहणार, आणि आमची पोरं धुक्यात कुणाच्याच नसलेल्या हातांवर विसंबणार. बोलले तर आप्पा घाटात राहणार आणि मी त्यांच्या हातातून सुटणार.

मी आप्पांकडे पाहिलं. ते चाकावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत होते. मला विशाल आठवला, रस्त्यावर बसून रडणारा. आप्पांना ते वळण एका हाताने जमत होतं कारण त्यांच्या दुसऱ्या हाताला काम होतं. आमचे हात रिकामेच सुटत होते. पेटीवर कुणी नसताना एवढ्या माणसांची गाडी एका हातावर वळवायची, हे आप्पांनी शुद्धीत असताना ऐकलं असतं तर आम्हाला हमालांच्याही खाली बसवलं असतं.

"लिहा," मी म्हटलं. "आणि कापा."

बोलले खरी, पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. आप्पा दाराशी येऊन उभे राहिले. "बाई, कुनी बोललं का तुमाला?" असं विचारून, उत्तर मिळालं नाही तेव्हा, पाण्याचा पेला ठेवून गेले.

महिनाअखेरीला तेवढा तुकडा काढलेला आप्पांचा हात चाकात आला. पोरांना मी सगळं सांगितलं. विशालचा चेहरा पडला, मग म्हणाला, "धोंडा काढू काय ताई?" मी म्हटलं, "राहू दे. लोकांना कशाला तोंडघशी पाडतोस? फक्त आपण दोन्ही हात चाकावर ठेवायचे. नमस्कार आतून." इरफान म्हणाला, "म्हंजे रंगरावदादांचीच पद्धत झाली की."

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला मी आप्पांना बरोबर घेतलं. माझ्या डावीकडे, दाराजवळ, एक एकटी सीट असते, तिथे बसवून पट्टा लावला. आमच्या दोघांच्या मध्ये तेवढी रिकामी जागा उरते. पूर्वी पेटी असायची तीच.

तळेवाडी सुटली, चढण लागली, आणि धुकं आलं. मागून एक बाई म्हणाली, "ड्रायव्हरताई, हातोबा आला की सांगा हं, कायबी दिसत न्हाई."

आप्पांनी मान वळवली. "ह्यो हातोबा कोन?"

"देव आहे आप्पा. त्या मोठ्या वळणावर."

"तिथं? आमच्या टायमाला न्हवता." ते नाराज दिसले. "कुनीबी कुटंबी देव बशिवतंय."

मला हसू आवरेना. बस वर वर जात होती. बाहेर सगळं पांढरं, आत दिव्यांचा पिवळा उजेड, मागे कुणीतरी घोरत होतं. तळव्यांखाली आप्पांची ऊब होती आणि शेजारी स्वतः आप्पा होते, आणि गाडी नक्की कोण चालवतंय हे मला सांगता आलं नसतं.

वळण आलं. मी वाट बघितली. उजवी ऊब खाली सरकली नाही. डावी विझली नाही. दोन्ही आपल्या जागी, सरळ, शहाण्यासारख्या. मागे प्रवाशांनी हात जोडले. मला माहीत होतं असंच होणार, मीच सांगितलं होतं, तरी छातीत काहीतरी रितं झालं. आणि माझा डावा हात, इतक्या वर्षांचा शिकलेला, चाकावरून उठलाच.

"हात!" आप्पा कडाडले.

मी दचकून पाहिलं. ते पट्ट्यातून पुढे वाकले होते. त्यांचा हात आमच्या मधल्या रिकाम्या जागेवर आडवा आला होता, पेटीवर बसलेल्या पोरीच्या पोटाइतक्या उंचीवर, तळवा घट्ट टेकवल्यासारखा. नजर रस्त्यावर होती.

"हात काढू नगा, बाई," ते म्हणाले. "तुमी गाडी बगा. पोरीला मी धरलंय."

मी डावा हात नवाच्या जागी ठेवला. तिथे चाक कोमट होतं. मी सव्वानऊच्या हातांनी वळण घेतलं. ते पूर्ण होईपर्यंत आप्पांचा हात जागचा हलला नाही, आणि आप्पांनी मला धरलेलं असताना त्या चढणीच्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच जागी होते.